पाठमोरे वकील

माणूस भेटायला आला की वकील त्याच्याकडे तोंड करून बसतो. आमचे वकील पाठ करून बसायचे. पक्षकार खोलीत आला, पाणी प्याला, जरा दम खाल्ला, की ते आपली लाकडी खुर्ची उचलून फिरवायचे, खिडकीकडे तोंड करायचे, मांडीवर फळी घेऊन तिच्यावर कागद ठेवायचे आणि म्हणायचे, "हं, बोला. मी म्हशी बघतोय." खिडकीखाली गोठा होता. आख्ख्या मंगळवार पेठेत त्यांचं नाव पाठमोरे वकील असंच पडलं होतं. खरं नाव सांगून पत्ता विचारला तर लोक डोकं खाजवायचे. म्हणून मीही इथे तेच नाव लिहितो.

खोली माडीवर. खाली त्यांच्या वडिलांचं वह्या-पुस्तकं बांधायचं दुकान होतं. खळीचा आंबूस वास जिन्यानं वर यायचा. तीन पिढ्यांचा तो धंदा वकिलांच्याही हातात होता. प्रत्येक पक्षकाराचे कागद ते स्वतः दाभणानं टोचून मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवायचे. "टाचणी गंजती, कागद सुटतोय," म्हणायचे. "आन् ह्या बायकांचा एक कागद सुटला की समोरचा म्हणतोय, बाई बदलून बोलती."

ते जमिनीचे, भाऊबंदकीचे दावे घेत नसत. कुणाच्या तरी ताब्यात राहून ज्यांनी मार खाल्ला, उपास काढले, ज्यांना कोंडून घातलं गेलं, त्यांचे भरपाईचे दावे चालवायचे. बंगल्यात कामाला ठेवलेल्या पोरी, बोर्डिंगातली बिनआईबापाची पोरं. असल्या दाव्यांत वकिलाचं काही भलं होत नाही, एवढं मला चौथी शिकलेल्यालाही कळत होतं. एकदा मी तोंडावर विचारलं, "साहेब, जेलात जातील आसं काय तरी करा की. भरपाईनं काय हुतंय?"

"भरपाई कुणाला देत्यात, मेस्त्री?"

"ज्याचं नुकसान झालंय त्याला."

"आन् नुकसान कुणाचं हुतंय? जो कुणीतरी हाय त्याचं. ह्या पोरींना आजवर कुणी माणसात धरलंच न्हाय. त्या कुणीतरी हाईत, येवढं मला कोर्टाच्या कागदावर लिहून घ्यायचं हाय."

मी गवंडी. माझी बायको मालन गेल्या साली वारली. ती शहराबाहेरच्या एका मुलींच्या बोर्डिंगात वाढली होती. त्याचं नाव लिहीत नाही, आता ते राहिलेलंही नाही. तिथल्या प्रमुख बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. सत्तर सालाच्या मागंपुढं मी तिथे दुरुस्तीच्या कामाला होतो. मालन आम्हाला विहिरीचं पाणी आणून द्यायची, मान वर करायची नाही. काम संपलं त्या दिवशी मोठ्या बाईंनी विचारलं, "लग्न झालंय का रे तुझं? ही मुलगी अठराची झाली, आता आम्हाला ठेवता येत नाही." महिन्याभरात आमचं लग्न लागलं. बाईंनी स्वतः तिला साडी नेसवली, अक्षता टाकल्या. मला ती बाई देवासारखी वाटायची. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं सगळा घोळ त्यानंच झाला.

लग्नानंतर एक गोष्ट मला गमतीची वाटायची. खुंटीवरचा सदरा काढायला मी हात वर केला की मालन मटकन खाली बसायची. "उंदीर बघिटलास का काय?" असं म्हणून मी हसायचो. तीही हसायची. चार महिने असे गेले. मग एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "मला वकिलाकडं जायाचंय." नळावर पाण्याला येणाऱ्या एका बाईच्या पोरीचा दावा पाठमोऱ्या वकिलांनी चालवला होता, तिनं हिला सांगितलेलं.

मी भडकलो. "जिनं तुझं लगीन लावलं तिच्यावर दावा?"

"लगीन लावलं म्हणून तर चार महिने गप बसलो," मालन म्हणाली. "अठरा पुरी हून वरीस झालं की दाव्याची मुदत संपती म्हणं. येताय का एकटी जाऊ?"

गेलो. आणि वकिलांनी आमच्याकडे पाठ केली. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "साहेब, आम्ही काय तुमच्या पाठीला गाऱ्हाणं सांगायचं व्हय?"

ते न वळता म्हणाले, "माझ्या तोंडात बघण्यासारखं काय हाय, मेस्त्री? दात पुढं हाईत, नाक बसकं हाय. लग्नाला पोरगी मिळंना म्हणून अम्मी रडती. तुम्ही खाली जावा, अब्बांच्याजवळ बसा. ताई, तुम्ही भिंतीवरनं सुरू करा. इमारत कशी हाय, दारं किती, ऊन कुठनं येतंय. माणसं मागनं येऊ द्यात."

घरात दिवसाला चार वाक्यं बोलणारी मालन त्या पाठीशी दीड तास बोलली. मी खाली म्हाताऱ्याबरोबर पानं मोजत बसलो होतो. जिन्यावरून तिचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. उतरली तेव्हा तिचा चेहरा ताप उतरलेल्या माणसासारखा झाला होता.

दुसऱ्या खेपेला मला खोलीत बसू दिलं. बोलता बोलता वकिलांनी वरच्या फळीवरचा एक गठ्ठा काढायला हात उंच केला. मागे मालनच्या बांगड्या वाजल्या. तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले होते. वकिलांनी वळून बघितलं नाही. हात तसाच हळूहळू खाली आणला, गठ्ठा राहू दिला, आणि म्हशींचं काहीतरी बोलत राहिले. त्याच्या पुढच्या खेपेला बघतो तर सगळे गठ्ठे फळीवरून उतरून भिंतीकडेनं जमिनीवर मांडलेले.

"उंदरं खातील की, साहेब."

"खाऊ द्यात. दोऱ्याला मेण हाय, पोट बिघडंल त्यांचं."

त्या दिवशी घरी आलो, सदऱ्याची खुंटी उपटली आणि कमरेएवढ्या उंचीवर ठोकली. मालन बघत होती.   चार महिने मी कशाला हसत होतो ते मला एका वकिलाच्या पाठीनं शिकवलं.

त्यांना एका शब्दाचा भारी राग होता. मी एकदा मालनसमोरच म्हणालो, "बिचारीनं लई सोसलंय हो." त्यांनी खाडकन खुर्ची फिरवली. पहिल्यांदाच मला त्यांचे डोळे नीट दिसले, तापलेले. "बिचारी म्हणायचं न्हाय. कोर्टात तिला नाव हाय. वादी. बिचारीला लोक भीक घालत्यात. वादीला समोरच्यानं जबाब द्यायचा आसतोय. म्हणा बघू."

"वादी," मी म्हणालो.

"हं. घरात पण तेच म्हणायचं." मी घरात कशाला म्हणतोय! पण मालननं ते ऐकून ठेवलं. पुढं जन्मभर मी आवाज चढवला की ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, "वादीसंगं बोलताय, ध्येनात ठेवा."

मग तो दिवस आला. वकिलांनी मालनचा दाव्यात लिहिलेला जबाब आम्हाला वाचून दाखवला. जिन्याखाली कोळशाची खोली. उभं राहिलं तर डोकं लागतं. दाराला बाहेरून कडी. चुकलं की तिथं कोंडायचे, कुणाला दिवसभर, कुणाला दोन दिवस. अंधारात सरावलं की दाराच्या फटीतून थोडा उजेड दिसायचा, तेवढ्यात पोरी कोळशानं भिंतीवर चित्रं काढायच्या. "मी बैल काढत होतो. एक शिंग काढायचं राहिलं, तेवढ्यात दार उघडलं." हे वाक्यसुद्धा त्यांनी तसंच्या तसं, आमच्याकडच्या बायकांच्या 'होतो'सकट लिहिलं होतं.

त्यामागून त्यांनी बोर्डिंगचं उत्तर वाचलं. ते दोन ओळींचं होतं. अशी खोली या इमारतीत कधीही नव्हती. मुलगी खोटं बोलते, तिला तशी सवय आहे.

 ती खोली होती. तिचं दार मी बुजवलं होतं.

दुरुस्तीच्या कामात शेवटच्या दिवशी मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, तपासणीला साहेब यायचे आहेत, त्या कोळशाच्या खोलीत साप निघतात, बंद करून टाक. मी चौकट काढली, विटा लावल्या, वरून गिलावा करून चुना मारला. दोन तासांचं काम. काही बुजवायच्या आधी गवंड्यानं आत वाकून बघायचं असतं, मांजर नाहीतर कोंबडं अडकलेलं नाही ना म्हणून. आम्हाला पहिल्यांदा तेच शिकवतात. त्या दिवशी मला घाई होती. मी बघितलं नाही.

आठ दिवस मी ते पोटात घेऊन हिंडलो. सांगावं तर मालनला काय वाटेल? बोर्डिंगच्या विश्वस्तांचीच कामं माझा ठेकेदार करायचा, तेही होतं. न सांगावं तर कोर्टात मालन खोटी पडणार. शेवटी एकटाच माडीवर गेलो. "साहेब, जरा बोलायचं हुतं," म्हणालो. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि खुर्ची फिरवली.

माझ्यासाठी! चांगल्या गड्यामाणसासाठी! राग आला. पण खरं लिहितो, ती पाठ समोर आली नसती तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. सगळं सांगितलं. अक्षता, साडी, साप, चुना. ते गोठ्याकडेच बघत होते.

"वीट कुठली?" त्यांनी विचारलं.

"आं?"

"वीट कुठली लावलीसा?"

"गडमुडशिंगीच्या भट्टीची."

"बाकीची भिंत?"

"दगडाची."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, "मला सांगून भागत न्हाय, मेस्त्री. जिला सांगायचं ती घरात हाय. आजच सांगा. तिला हे कोर्टात पहिल्यांदा कळणार आसंल, तर मी तुम्हाला साक्षीला उभा करणार न्हाय. दावा पडला तरी बेहत्तर."

मालन सुपात तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तिची बोटं थांबली.

"पक्की बांधलीया?"

"व्हय."

"सिमिटात?"

"चुन्यात."

"मग फुटंल." आणि परत खडे काढायला लागली. थोड्या वेळानं सुपातून नजर न काढता म्हणाली, "आत वाकून बघिटलं न्हाईसा?"

"न्हाय."

"बघाय पायजे हुतं."

हे ती उभ्या जन्मात एकदाच बोलली. मला तेवढं पुरलं आहे.

मी साक्षीला उभा राहिलो. समोरचा वकील जाडजूड, बोलायला गोड. म्हणाला, "तुम्ही त्या संस्थेची मजुरी घेतली, त्यांच्याच हातून बायको घेतली, आणि आता त्यांच्यावरच उलटता?"

म्हटलं, "व्हय. भिंत वाईट बांधली आसती तर मजुरी परत दिली आसती. चांगली बांधली, हीच चूक झाली."

कोर्टात हशा झाला. न्यायाधीशांनी टेबल वाजवलं. आमचे वकील हसले नाहीत. त्यांनी उठून एकच मागणी केली, कोर्टानं माणूस पाठवून ती भिंत उघडून बघावी. कोर्टानं ती मान्य केली. ठेकेदारानं मला त्याच आठवड्यात कामावरून काढलं.

भिंत उघडायला गेलो त्या दिवशी कोर्टानं नेमलेला एक तरुण वकील होता, दोन पंच होते, मोठ्या बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी साक्षीदार, मला हात लावायची परवानगी नाही. दुसरा गवंडी आणलेला. त्याला ती भिंत लवकर फुटेना. घाम पुसत माझ्याकडे बघून म्हणाला, "कुणी बांधली रं ही, लेकाच्यानं!" मला एकीकडून अभिमान वाटत होता आणि दुसरीकडून जमिनीत शिरावंसं वाटत होतं. मालन आत आली नाही. अंगणात उन्हात उभी राहिली.

वीट निघाली, मग दुसरी. कोर्टाचा माणूस बॅटरी घेऊन आत वाकला. बराच वेळ वाकलेला होता. मग आतूनच बोलला, "वकीलसाहेब, तो जबाब वाचा जरा." आमच्या वकिलांनी वाचला. "एक शिंग काढायचं राहिलं..."

"आहे," तो म्हणाला. "बैल आहे. एकाच शिंगाचा." आणि जरा थांबून, "इथं लईच चित्रं आहेत हो. बाहुल्या, पोपट, चुली. भिंत भरलीय."

मोठ्या बाई उठून निघून गेल्या. कुणी त्यांना अडवलं नाही.

आमचे वकील अंगणात आले आणि आमच्याकडे पाठ करून कंपाउंडाकडे तोंड करून उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. खांदे हलत होते. त्या दिवशी पाठीची गरज त्यांना स्वतःलाच लागली होती. मालन हळूच त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. म्हणाली, "साहेब, हितं म्हशी न्हाईत."

दावा आम्ही जिंकला. त्या बोर्डिंगातल्या आणखी मुली एकेक करून माडीवर यायला लागल्या, मालन त्यांना घेऊन यायची आणि खालीच अब्बांच्याजवळ बसून राहायची. भरपाई किती मिळाली ते सांगत नाही, फार नव्हती. तिनं त्यातून एकच मागितलं. स्वयंपाकघराला दुसरं दार. "एकाच दाराच्या खोलीत माझा जीव घाबरतोय." मी भिंत फोडून ते करून दिलं, माझ्या हातानं. आणि पुढचं दार सोडून घरातल्या सगळ्या दारांच्या बाहेरच्या कड्या काढून टाकल्या. आजही आमच्या घराला बाहेरून कडी फक्त एका दाराला आहे, कुलपापुरती.

बेंदराला, बैलांच्या सणाला, मालन मातीचे बैल करायची. त्यातला एक वकिलांना जायचा. ते बोटानं चाचपून बघायचे. "दोन्ही शिंगं हाईत. बरं हाय," म्हणायचे आणि खिडकीत ठेवायचे. रमजान ईदेला त्यांच्याकडून शिरखुर्म्याचा डबा यायचा. तो ते स्वतः आणायचे, पण हातात द्यायचे नाहीत, ओट्यावर ठेवायचे. कुणाच्या हातात काही द्यायचं नाही, समोर ठेवायचं, ही त्यांची जुनी सवय. ज्याला घ्यायचं तो आपणहून घेईल, म्हणायचे. लग्नाला पोरगी मात्र शेवटपर्यंत मिळाली नाही. "हयातभर पाठ दाखवली, कोण पसंत करंल?" असं स्वतःच म्हणून हसायचे.

ऐंशी सालानंतर काही वर्षांनी ते गेले. जिन्यात बसले आणि तिथेच संपले. मी मातीला गेलो. कबरीभोवतीचा दगडी कट्टा पुढं मीच बांधला. चाळिसाव्या दिवसानंतर मालनला घेऊन गेलो. बायका आत जात नाहीत, म्हणून ती पूर्वेच्या बाजूला दगडी कुंपणाच्या गडग्याबाहेर उभी राहिली.

"तोंड कुठं केलंय त्यांचं?" तिनं विचारलं.

"पश्चिमेला. तशीच रीत हाय त्यांच्यात."

"म्हंजे पाठ आपल्याकडं?"

"व्हय."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि गडग्यावर हात ठेवून हळू आवाजात बोलायला लागली. मी लांब चिंचेखाली जाऊन थांबलो. बराच वेळ बोलत होती.

गेल्या साली मालननं अंथरूण धरलं. खाट मी त्या दुसऱ्या दाराजवळ टाकली होती. एका सकाळी चहा पाजला, बशी खाली ठेवली, तर म्हणाली, "आवं, एक सांगायचं राहिलंय. वकीलसाहेबांना पण सांगितलं न्हवतं."

"सांग की."

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्याकडे बघून परत उघडलं, परत मिटलं. मी आपला "सांग की, सांग की" म्हणत तिच्या तोंडाकडे बघत बसलो. गवंड्याचं डोकं, उजेड पडायला वेळ लागतो. पन्नास वर्षं एका घरात काढली आणि तिच्या बोलण्याच्या वाटेत माझंच तोंड आडवं आलं होतं.

मी उठलो. खुर्ची उचलली, फिरवली, दाराकडे तोंड करून बसलो. समोर शेजाऱ्याची भिंत.

"हं, बोल," म्हणालो. "मी भिंत बघतोय."

मागे ती हसली. खोकला आला. "पक्की हाय का?"

"कसली पक्की! पोपडं आल्यात."

मग ती बोलली. काय बोलली ते लिहिणार नाही. मध्ये मी एकदाही वळलो नाही. बोलणं संपल्यावर तिनं मागून माझ्या सदऱ्याचं टोक धरलं, आणि तसंच धरून झोपली.

चौथ्या दिवशी गेली. भेटायला आलेल्या बायका म्हणत होत्या, बिचारी सुटली. मी त्यांना सरळ सांगितलं, बिचारी म्हणायचं न्हाय. त्यांना वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला.

खुर्ची अजून तशीच आहे, दाराकडे तोंड करून. सून म्हणते, "मामा, सरळ करू का?" मी नको म्हणतो. सकाळचा चहा मी तिथेच घेतो, समोरच्या भिंतीचे पोपडे बघत. पाठीमागे खाट आहे. मी वळत नाही.